कमान आणि छप्पर

गाव सोडताना माणूस आपला एक भाग मागे ठेवून जातो. मी छत्री ठेवून गेलो. लांज्याला जाणाऱ्या एस.टी.ची वाट बघत मी आणि बाबा थांब्यावर उन्हात उभे होतो. थांबा म्हणजे रस्त्याकडेचा जांभ्याचा दगड. गाडी आली, बाबांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "मुंबैत कोण मोठा भेटला तर थांब्याला छप्पर घालायला सांग. उन्हात मान्साचा खोबरा होतो." छत्री त्यांच्या हातातच राहिली.

मोठं कोणी भेटलं नाही. आपल्या गावच्या मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष, तात्या, भेटले. दर महिन्याला परळच्या एका खोलीत जमून गावाला काय हवं ते मंडळ ठरवी. मी छप्पर मागितलं. तात्यांच्या मनात स्वागत कमान होती.

"छपरावर नावं कुठं घालणार?" त्यांनी विचारलं. कमानीच्या खांबांवर वर्गणीदारांची नावं बसत होती.

त्याच सुमारास ऑफिसातल्या एका मित्राने मला फिल्म सोसायटीची चटक लावली. तिथे एक इटालियन विनोदी चित्रपट पाहिला. डोंगरातल्या गावाचा नगराध्यक्ष मंत्र्यासाठी कमान उभारतो, बँड बोलावतो. मंत्री दुसऱ्याच रस्त्याने येऊन जातो. नगराध्यक्ष रिकाम्या रस्त्याला भाषण ऐकवतो. बाकीचे लोक इटलीच्या सरकारला हसत होते. मी तात्यांना हसत होतो. धोतराऐवजी सूट, एवढाच फरक.

पुढच्या सभेत मी ती गोष्ट रंगवून सांगितली. वाटलं, कमान आता बारगळणार. तात्यांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.

"त्यांची चूक कळली काय?" ते म्हणाले. "रस्ता आधी इचारला नाय. बाळ्या, लिही ठराव."

माझं अक्षर बरं होतं. मी लिहिला.

कमान झाली, थांब्यापाशीच. उद्घाटनाला आपले मंत्री त्याच रस्त्याने आले, कमानीपाशी उतरले आणि घाम पुसत भाषणात म्हणाले, "इथे छप्पर हवं." सगळ्यांत मोठी टाळी त्यालाच पडली. तात्यांनी मंत्र्यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला.

बाबांना मात्र कमान आवडली. खांब जाड आहेत; सकाळी एका अंगाला सावली पडते, दुपारी दुसऱ्या. "दुपारचा तात्याच्या नावाला टेकून बसतो," ते म्हणतात. "गार लागता."

आता मुंबईत माझं बिऱ्हाड आहे, शेगडीच्या जागी गॅस आहे, शनिवारी सिनेमा आहे. मी इथे सुखात आहे, हे तुम्हा गावच्यांना सांगायला संकोच वाटत नाही. तरी घर कुठलं असं कोणी विचारलं, की तोच थांबा डोळ्यांसमोर येतो. पावसाळ्यात मी गाडीतून उतरलो की बाबा कमानीखालून माझी छत्री घेऊन पुढे येतात. ते भिजलेले असतात. कमानीला छप्पर नाही.