गाठ रगडायची नाही

माझे वडील, आबा, कुंडलच्या तालमीचे वस्ताद. एकोणीसशे नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्यांच्या छातीतले ठोके वाटेल तसे पळायला लागले. पुण्याचे डॉक्टर मांडीतून तार घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळणार होते. तोवर रक्त पातळ ठेवायचं, नाहीतर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जायची आणि माणूस लुळा पडायचा. त्यासाठी गोळी चालू होती. सांगलीच्या डॉक्टरांनी ती थांबवून पोटात इंजेक्शनं सुरू केली. गोळीचा अंमल उतरायला दिवस लागतात, इंजेक्शनचा काही तासांत उतरतो, म्हणून तार घालायच्या आधी हा बदल. इंजेक्शनची जागा चोळायची नाही, हे मी घरादाराला दरडावून सांगितलं. तालमीतल्या पठ्ठ्यांनीही माना डोलावल्या. पण गाठ दिसली की रगडायची, हे त्यांना आबांनीच शिकवलेलं.

एका सकाळी मी इंजेक्शन टोचायला कंपाउंडरला बोलवायला गेले. तेवढ्यात एका पठ्ठ्याने इंजेक्शनने आलेली गाठ तेल लावून अंगठ्याने जिरवायला घेतली. आबांनीही मुकाट पोट पुढे केलं. मी परत आले तर बेंबीपासून कमरेपर्यंत काळंनिळं, आणि सूज वाढतच होती.

"लय कडक गाठ हुती, ताई," तो म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जीपने सांगली गाठली. डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं, पुण्याची तारीख पुढे ढकलली. इकडे आड, तिकडे विहीर: औषध द्यावं तर पोटात रक्त साचणार, न द्यावं तर गुठळीची भीती. गोळीचा अंमल तर कधीच उतरला होता.

"त्यांना बोलतं ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, की लगेच हाक मारा."

बोलतं ठेवा! दोन शब्दांवर दिवस काढणारा माणूस तो. मी विचारत सुटले: पहिली कुस्ती कुठे मारली, लाल माती कुठून आणायचा, त्यात ताक किती ओतायचा. उत्तराला जरा उशीर झाला की मी वाकून त्यांचं तोंड निरखायची.

"आगं, किती बोलाया लावतीस?"

"आवं बोला की, आबा."

दुपारी ते बराच वेळ गप्प राहिले. मी घाबरून खांदा हलवला. छताकडे बघतच ते म्हणाले, "घरातलं समदं दूध मी तालमीकडं धाडलं. तू ल्हान हुतीस, येकदा वाटी पुढं केलीस, तवा हाकललं तुला. माझं चुकलं, पोरी."

शब्दन् शब्द स्वच्छ होता. तरी मी म्हणाले, "पुन्यांदा म्हना, आबा."

त्यांना वाटलं, मी जीभ तपासतेय. बिचाऱ्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, आणि मी तोंडाला पदर लावून ऐकत राहिले.