माझा बरा झालेला पाय

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही ते, माझा आवाज आपोआप बारीक होतो, एवढंच. तुम्हाला सांगते. बसा जरा.

तीन वर्षांमागं माझा उजवा खुबा बदलला. नव्या सांध्याचा दांडा छोटा, बोटभर — त्यानं हाड कमी कोरावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि खरं सांगू? पाय झाला की बरा! चार महिन्यांत काळेवाडीतल्या आमच्या घराचा जिना मी कठडा न धरता चढत होते. पण एकटी असताना.

का? काय सांगू... आमचे हे गेल्यापासून घरात माझाच आवाज. भांडं पडलं तरी बरं वाटायचं, काहीतरी वाजलं म्हणून. मुलगा चाकणला कंपनीत, राहायलाही तिकडंच, सणाला यायचा. ऑपरेशननंतर दर गुरुवारी सुट्टीला यायला लागला. दळण आणायचा, पाय चेपायचा. मग तो पाय बरा कसा होऊ द्यायचा? मी काठी सोडली नाही. तपासणीला डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहात किती दुखतं? मुलगा शेजारी उभा — मी म्हणायचे, सात. डॉक्टर एक्स-रे पुन्हा उजेडात धरायचे. "सांधा तर छान बसलाय, मावशी." आणि कागदावर सात लिहायचे.

इथवरच असतं तर — तर मी गप्पच राहिले असते.

शेजारची रत्ना. भोसरीच्या वर्कशॉपात उभ्यानं जन्म काढलेली; तिचाही खुबा झिजलेला. त्याच डॉक्टरांनी तिला तेच ऑपरेशन सांगितलं. ती मला विचारायला आली ती नेमकी गुरुवारी. मुलगा तिथंच चहा गाळत होता.

"डॉक्टर तर बेअरिंग बदलल्यासारखं सांगतो गं," ती म्हणाली. "तू हो म्हण कमल, मी सही करते."

हसलो आम्ही. एक शब्द पुरे होता. मी मुलाकडं पाहिलं आणि म्हटलं, "नको बाई त्या फंदात पडू. माझं बघतेस ना?"

दुसऱ्या दिवशी मुलगा नव्हता. तिचं दार चार पावलांवर. गेले का मी? नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षातही नाही. तिच्याकडून मुलाला कळलं असतं, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आता रत्ना खाटेवर असते. मोरीपर्यंत न्यायला दोघं लागतात. तिचं हृदय आता भूल सोसणार नाही, म्हणतात. आणि मुलगा? येतो. मोबाइल बघत बसतो.

काल तिच्या सुनेनं एक बाटली आणून दिली. लसूण घालून कढवलेलं तेल, रत्नासाठी गावाहून आलेलं, त्यातलं अर्धं. निरोप होता — कमलला म्हणावं, तुझं दुखणं माझ्याहून जास्त हाय, आधी तू लाव.

मी बाटली घेतली. सून दारात उभी होती, म्हणून लंगडत आत गेले.