राखेचा अंगठा

विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बुध्या झालो होतो, हे लोणखेड्याच्या कॉलेजात सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग मला समजावायला लागतो. दोन्हीचा मला आता कंटाळा आलाय. आमच्या डोंगरात होळीला नवस फेडणारा पुरुष बुध्या होतो. अंगभर राख, तिच्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके, कमरेला घुंगरू आणि सुके भोपळे. गावोगावच्या होळ्या संपून शेवटची आंघोळ होईपर्यंत अंगाला पाणी नाही, खाटेवर झोप नाही, बाईचा स्पर्श नाही, मग ती आई का असेना. याला पालनी म्हणतात, आणि ती मोडली की नवसही मोडतो.

माझा नवस आईसाठी होता. तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती. वडिलांनी बाहेर झाडाखाली उभं राहून बोलून टाकलं, ही उठली तर पोरगा पाच होळ्या बुध्या होईल. ती उठली. औषधानं की देवानं, हा वाद आमच्या घरात कुणी घातला नाही. दोघांचेही उपकार मानले.

पाचव्या होळीपर्यंत मी लोणखेड्यात खोली घेऊन शिकायला लागलो होतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या गरीब मुलांना शासन राहण्या-जेवण्याची मदत थेट खात्यात देतं, तिच्यावर माझं भाडं आणि खानावळ चालायची. ती नसती तर मी वडिलांबरोबर गुजरातेत ऊस तोडत असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मला शिकायचं होतं. फार शिकायचं होतं.

आमच्या गावची होळी पेटून गेल्यावर आम्ही बुध्ये पुढच्या गावाला जाता जाता मोलगीच्या बाजारात आलो. वर डोंगरात रेंज नाही, त्यामुळे तिथं पोचताच फोन कोकलायला लागला. वर्गमित्राचे निरोप होते: तुझा मदतीचा अर्ज परत आलाय, अंगठा लावून आधारची पडताळणी पुन्हा कर, आज शेवटचा दिवस. मी तसाच घुंगरू वाजवत सेवा केंद्रात शिरलो.

केंद्र चालवणारा खाली सपाटीवरच्या शहाद्याकडचा होता, माणूस भला. त्यानं माझा अंगठा धरून यंत्रावर ठेवला. लागला नाही. फडक्यानं पुसून ठेवला, मग बाकीची बोटं ठेवून बघितली. राख आणि पीठ रेषांमध्ये वाळून बसलं होतं. "भाऊ, हात धोई ये ना," तो म्हणाला, "बाहेर माठमां पानी शे."

मी म्हटलं, नाही धुता येत.

"मंग मी काय करू?"

आधारला जोडलेला नंबर वडिलांच्या जुन्या मोबाईलमध्ये होता आणि तो उसाच्या फडात केव्हाच हरवला होता, त्यामुळे ओटीपीचाही रस्ता बंद होता.

आई बाजारातच होती. कुणीतरी तिला सांगितलं. ती धावत आली आणि पालनी आठवून दारापासून लांबच थांबली. तिथूनच आमच्या बोलीत ओरडली, "धू तो हात! मी मेले तर मेले!" सगळा बाजार वळून बघायला लागला. मी माठाकडे गेलो, पेला भरला. आणि मला ती दवाखान्यातली दिसली, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघणारी आणि मला न ओळखणारी. मी पेला खाली ठेवला.

केंद्र बंद होईपर्यंत ती तिथंच उभी होती.

मदत आली नाही. खोली सोडावी लागली, परीक्षा बुडाली, दिवाळीनंतर मी वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलो. कॉलेजात अजून पुन्हा नाव लागलेलं नाही. राग येतो, पण तो काढायचा कुणावर? त्या यंत्राला पालनी कुठून ठाऊक असणार, आणि आमच्या देवाला शेवटची तारीख? तीच वेळ पुन्हा आली तर मी पेला पुन्हा खाली ठेवीन, हेही खरं आहे.

आई ठणठणीत आहे. डोक्यावर मोळी घेऊन घाट चढते, मला मागं टाकते. पण बाजारात कुणी तब्येत विचारली की ती आधी मी जवळपास आहे का ते बघते. मी असलो, तर तिला बरी आहे म्हणायची लाज वाटते.