दाराबाहेरची एकतीस वर्षं

थोरलीची पदवीची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि बाबांनी बेडरूमच्या दाराबाहेर बाक मांडला. हा बाक साधासुधा नव्हता. बाबांनी ज्या कार्यालयात एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली, तिथल्या मुलाखतीच्या खोलीबाहेर तो तेवढीच वर्षं होता. कार्यालयाने नव्या खुर्च्या घेतल्या तेव्हा बाक भंगारात निघाला आणि त्याच महिन्यात बाबा निवृत्त झाले. साहेबांनी विचारलं, निरोपाची भेट काय देऊ? लोक घड्याळ मागतात. बाबांनी बाक मागितला. घरी आणताना तो जिन्यात अडकला, दोन तास कुणाला वर जाता येईना की खाली, आणि त्या दिवशी आईने त्या बाकाच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली, ती अजून थांबलेली नाही.

रविवारी सकाळी आठला तालीम सुरू व्हायची. थोरली मांडीवर फाइल घेऊन बाकावर, बाबा दाराशी स्टुलावर. आत आई कपड्यांच्या घड्या घालत असायची, कारण बाकीचे सहा दिवस ती दवाखान्यात केसपेपर काढायची आणि घड्यांना तेवढाच वार मिळायचा. बाबा एकदम ताठ व्हायचे, म्हणजे घंटा वाजली असं समजायचं. मग ते थोरलीचं नाव पुकारायचे. ती उठायची, दारावर टकटक करून आत जायची.

"परवाचा पांढरा टॉवेल कुठे टाकलास?" आई विचारायची.

"बाल्कनीत असेल."

"बरं, जा."

थोरली बाहेर यायची आणि इथून बाबांचं खरं काम सुरू व्हायचं.

"दार फार हळू लावलंस," ते म्हणायचे. "आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं. असं लावणाऱ्याचं कधी होत नाही. परत."

एकतीस वर्षांत मुलाखत चालू असताना बाबा एकदाही त्या खोलीत गेले नव्हते. तसा नियमच होता. चहा मागच्या दाराने जायचा आणि तो दुसरा शिपाई न्यायचा. बाबांकडे पुढचं दार. घंटा झाली की नाव पुकारायचं, माणूस आत सोडायचा, तो बाहेर आला की पुढचं नाव. हजारो माणसं त्यांनी आत जाताना पाहिली, तितकीच बाहेर येताना पाहिली, आणि मधल्या वेळात त्यांचं काय झालं याच्याशी बाबांना काही देणंघेणं नव्हतं. पण वर्षानुवर्षं एकच गोष्ट बघत बसलं की त्यातलं कळायला लागतं. बाबांना चालण्यावरून निकाल कळायला लागला. बाहेर येऊन आधी पाणी शोधतो तो निवडला जातो. बाकावरच्या लोकांकडे बघून हसतो तो निवडला जात नाही. फाइल छातीशी धरली तर अवघड आहे, काखेत मारली तर झालं समजा. संध्याकाळी ते कारकुनाला नावं सांगत आणि आठवड्याने यादी लागे ती तीच असे. एकदाच एक नाव चुकलं. तो साहेबांचा भाचा निघाला, त्यामुळे ती चूक बाबांनी स्वतःच्या नावावर कधी धरली नाही.

असा माणूस घरात असल्यावर मुलीने मुलाखतीची काळजी का करावी, असं बाबांना मनापासून वाटत होतं.

थोरलीची अडचण वेगळीच होती. आपल्याला काय व्हायचंय हेच तिला माहीत नव्हतं. वर्गातल्या बाकी सगळ्यांना ते ठाऊक होतं, निदान विचारलं की ते पटकन काहीतरी सांगत. लांबू नावाच्या उंच मुलाकडे तर पुढच्या दहा वर्षांचा तक्ता होता आणि तो त्याने खोलीत भिंतीवर लावला होता. थोरलीला मात्र "पुढे काय?" असं कुणी म्हटलं की पाचावर धारण बसायची. आणि विचारणाऱ्यांची काही कमी नव्हती. दाताच्या डॉक्टरने तिच्या तोंडात यंत्र चालू असताना विचारलं आणि उत्तरासाठी यंत्र बंद करून तो थांबला. आत्याने तिला शिक्षिका केलं, मामाने कंप्युटरवर बसवलं. खालच्या मजल्यावरच्या काकू तिचं भलं कशात आहे हे तिच्या आईला जिन्यात थांबवून सांगत. तिने एकदा हिय्या करून जे जे व्हायचं नाही त्याची यादी केली, म्हणजे उरेल ते आपलं. एकेचाळीस कामं झाली. शेवटी ती यादी वाचताना त्यातली तीन-चार तिला बरी वाटायला लागली, तेव्हा तिने कागद फाडून टाकला.

"बाबा, पण आत विचारतात काय?" चौथ्या रविवारी तिने विचारलं.

"ते आपल्याकडे येत नाही," बाबा म्हणाले. "ते आतल्यांचं काम. तू फाइल नीट धर."

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी कॉलेजात एक कंपनी आली. ती नेमकं काय करते हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिच्या माहितीपत्रकावर टेबलाभोवती उभी राहून हसणारी माणसं होती आणि ती कशाला हसताहेत ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या वर्षी दुसरी कुठलीच कंपनी येणार नव्हती. त्यामुळे बेचाळीस जणांनी अर्ज भरले. थोरलीनेही भरला, कारण निदान चार लोकांना सांगायला तरी काही होईल. आणि हे हुकलं की त्यानंतर पुढे सगळं कोरं होतं, हे तिला चांगलंच कळत होतं.

बाबा तिच्याबरोबर गेले. नको म्हणून सांगून उपयोग नव्हता, ते इस्त्रीचा शर्ट घालून तयारच बसले होते.

लायब्ररीशेजारच्या खोलीत मुलाखती होत्या. बाहेर पोरं भिंतींना टेकून, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे बसली होती. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली कंपनीची एक मुलगी अधूनमधून दार उघडायची, हातातल्या यादीत बघून घाईघाईत एखादं नाव घ्यायची, ते कुणाला ऐकू जायचं नाही, मग दोघं तिघं एकदम उठायचे. बाबांनी हे अर्धा तास सहन केलं. मग ते उठले, तिच्या हातून यादी घेतली, लायब्ररीतलं एक स्टूल उचलून आणलं आणि दाराशी बसले. मुलीला वाटलं, कॉलेजचा माणूस असेल. कॉलेजच्या लोकांना वाटलं, कंपनीचा असेल. पाच मिनिटांत उरलेली सगळी पोरं रांगेत बसली होती आणि इतक्या जणांत एकही आवाज नव्हता. निवृत्त झाल्यापासून बाबा इतके खूश दिसले नव्हते.

लांबू आत गेला आणि बाहेर आला. आधी त्याने पाण्याचा नळ शोधला.

"झालं तुझं," बाबा त्याला म्हणाले. "घरी कळव."

ओळखपत्रवाली मागेच उभी होती. तिने आपली निकालाची यादी पाहिली आणि बाबांकडे पाहिलं. त्यानंतरच्या सहा जणांचंही बाबांनी हळूच सांगून टाकलं, तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला.

"काका, तुम्हाला आतलं कोण सांगतं?"

"आतलं मला काय माहीत, बाई? पोरं चालत येतात, ते बघतो."

ती आत गेली. जरा वेळाने दार किलकिलं झालं, एक टक्कल बाहेर डोकावलं, बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून परत आत गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने बाबांनी सांगितलेली नावं आतल्या यादीशी ताडून पाहिली. एकाही नावाचा फरक नव्हता.

आणि मग सुट्टीनंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते कळत नाही. उमेदवार बाहेर आला की मागोमाग ही मुलगी यायची. "काका?" बाबा म्हणायचे, "नाही." ती खूण करून आत जायची. सकाळी पंधरा मिनिटं चालणारी मुलाखत आता चार मिनिटांत उरकायला लागली. तीन वाजेपर्यंत आतल्या तिघांनी प्रश्न विचारायचं जवळजवळ सोडूनच दिलं. एका मुलीला तर त्यांनी नाव विचारलं आणि म्हणाले, आता तुम्ही चालत बाहेर जा. ती बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "झालं," आणि तिचं खरंच झालं.

थोरली शेवटून दुसरी होती. रांगेत बसल्या बसल्या तिला सगळा प्रकार कळत गेला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आता मुलाखत आत नव्हतीच. ती बाहेर होती आणि बाबा घेत होते.

बाबांनी तिचं पूर्ण नाव पुकारलं, म्हणजे त्यात मधे त्यांचं स्वतःचंही आलं. ती उठली. आत जाणं तिचं बिनचूक झालं, सहा रविवार दोघं दुसरं काय करत होती? तिघांपैकी एक वयस्क बाई होत्या. उमेदवाराला काहीच न विचारण्याची त्यांना बहुतेक लाज वाटली असावी.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" त्यांनी विचारलं.

थोरलीने या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं. ते आलंच नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी परीक्षा आहे. ती झाल्यावर सोमवारी सकाळी उठून काय करायचं, तेही माहीत नाही."

"बरं, कळवू," टक्कलवाले म्हणाले आणि त्यांनी दाराकडे हात केला.

खुर्चीपासून दार सात-आठ पावलं असेल. फाइल काखेत मारायची, दार ठाम लावायचं, पाणी शोधायचं. एवढं केलं की नोकरी. बाबा जगाला ओळखतील, पण आपण त्यांच्याच हाताखाली शिकलोय, आपण त्यांनाही फसवू शकतो, हे तिला लख्ख दिसलं आणि स्वतःचीच भीती वाटली. तिने फाइल काखेत घातली, मग काढली, मग छातीशी धरली, मग दोन्ही हातांत नुसतीच धरली. असं करता करता चालायचं कसं तेच ती विसरली. उजवा पाय आधी टाकतात की डावा, एवढ्यापासून सुरुवात. ती बाहेर आली खरी, पण कशी आली ते तिला आजही सांगता येणार नाही.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. स्टूल त्यांनी मुद्दाम वळवून घेतलं होतं.

ओळखपत्रवाली पेन उघडून उभी होती. "काका?"

"मी बघितलं नाही."

"असं काय करता? एवढ्या सगळ्यांचं बघितलंत की."

"हिचं तुम्ही ठरवा," बाबा भिंतीला म्हणाले. "आत तिघं बसलेत ना? त्यांना म्हणावं, एक तरी तुम्ही ठरवा."

मुलगी काही क्षण घुटमळली आणि आत गेली. बाबांनी शेवटच्या मुलाचं नाव पुकारलं, स्टूल लायब्ररीत नेऊन ठेवलं आणि दोघं बाहेर पडली.

रस्त्यात थोरली म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात तरी झालं असतं."

"म्हणून तर बघितलं नाही. बघितलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं, नाहीतर खोटं. एकतीस वर्षांत मी खोटं सांगितलेलं नाही, आणि तुझ्याबाबतीत खरं सांगायची माझी हिंमत नव्हती."

थोडं पुढे गेल्यावर बाबांनी विचारलं, "आत काय विचारलं?"

थोरलीने चमकून पाहिलं. हा प्रश्न बाबांनी आजवर कुणाला विचारला नव्हता.

"पाच वर्षांनी कुठे असाल म्हणून."

बाबा थांबले. "हे विचारतात?"

"सगळीकडेच."

"आणि पोरांना ते माहीत असतं?"

"पाठ करून जातात."

मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, बाबा बाजूला झाले नाहीत. "मला वाटायचं, कामातलं काहीतरी विचारत असतील," ते म्हणाले. "असं असेल तर कुणी धड चालत बाहेर येईल कसं? आणि मी त्यांचे पाय बघत बसलो." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मग त्यांनी विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हणाले."

बाबांनी मान हलवली. थोरलीला आता राहवेना. सगळं जग तिला जे विचारत होतं ते तिने बाबांना विचारलं, "पण मग आता पुढे काय करू मी?"

बाबांनी खूप वेळ विचार केला. "मला नाही माहीत गं," ते म्हणाले. "खरंच नाही माहीत."

गेले सहा महिने भेटेल त्याला थोरलीचं पुढचं सगळं माहीत होतं. माहीत नाही म्हणणारं माणूस तिला आज पहिल्यांदा भेटलं, आणि भर रस्त्यात तिला रडू आलं.