जिन्यातली जलेबी

तुमच्या घरी इंटरनेटची वायर टाकून गेलेल्या माणसाचं नाव सांगता येईल तुम्हाला? पासवर्ड तोंडपाठ असेल. नाव नाही ना? मग बडोद्याच्या सुभानरावांची गोष्ट ऐकाच.

प्रतापनगरला रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर घरोघरी इंटरनेटची फायबर वायर टाकतो. वायरच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय शिडी उतरत नाही. आणि जिन्यात चार हात जास्तीची वायर गोल गुंडाळून टांगतोच टांगतो.

हरणी भागातल्या एका सोसायटीत सेक्रेटरी केयूरभाईंना ते खुपलं. "काका, आ जलेबी शेनी टांगी छे? कापी नाखो ने!"

"कापायची? हात लावाल तर याद राखा," सुभानराव शिडीवरूनच कडाडले. "उद्या कुणीतरी वायर तोडणारच. तेव्हा जोडताना कमी पडू नये म्हणून ठेवलीय."

ती वायर तिसऱ्या मजल्यावर रसिकाकडे जायची. तिचे पाय लहानपणापासून अधू, इमारतीला लिफ्ट नाही. घरबसल्या इस्पितळांचे रिपोर्ट टाइप करून ती स्वतःचं नि आईचं पोट भरते. वरून साहेबाची तंबी होती: ड्युटीत आणखी एकदा लाइन गेली, तर नोकरी गेली.

एका सोमवारी सकाळी दहाला तिच्या इंटरनेटच्या डबीवर लाल दिवा लागला. ड्युटी अकराची. नेटवाले म्हणाले, चार दिवसांनी माणूस पाठवतो. तिने सुभानरावांना फोन लावला. "काका, लाल दिवा लागलाय, नि अकराला ड्युटी आहे."

स्कूटर कशीबशी उभी करून सुभानराव जिना चढले. दुसऱ्या मजल्याखाली भिंतीवर नवाकोरा बोर्ड झळकत होता: कमिटीच्या नऊ जणांची नावं. त्याचा स्क्रू थेट वायरच्या पाइपात घुसलेला. त्यांनी सेक्रेटरींना हाक मारून बोलावलं.

"नावं झकास आलीत हं, केयूरभाई! पोरीचं घर तेवढं बंद पाडलंत."

केयूरभाईंनी स्वतःच्या हाताने बोर्ड उतरवला. सुभानरावांनी जलेबी सोडली, वायर पुढे सरकवली, तुटकी टोकं छाटली, पुसली. केसाएवढा काचेचा तंतू, जरा हात हलला की जुळत नाही. साठी उलटलेला तो हात हलला नाही.

वरून हाक आली, "काका, हिरवा!"

अकराला सात मिनिटं होती.

संध्याकाळी रसिकाने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'जिन्यातली जलेबी कुणी कापायची नाही. ती माझी नोकरी आहे.' दुसऱ्या दिवशी केयूरभाई खरीखुरी गरम जलेबी घेऊन काकांच्या दारात हजर. बोर्ड दुसऱ्या भिंतीवर लागला, तळाशी दहाव्या नावाची चिठ्ठी चिकटवून: सुभानराव. ती वाकडी लागली म्हणून काकांनी आधी त्यांना झापलं, मग स्वतः काढून सरळ लावली. लावताना चष्मा दोनदा पुसला.

तुमच्याही जिन्यात अशी जलेबी टांगलेली असेल. ती कापू नका. आणि ती टांगणाऱ्याला आजच फोन करा. बिघाड सांगायला नाही, नाव विचारायला.