पेटीतला कॉम्प्युटर
आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास आला की मला रत्नागिरीच्या घरातला माझा पहिला गेमिंग कॉम्प्युटर आठवतो. हंगामात बाबांबरोबर हापूसच्या पेट्या भरून जे पैसे मिळाले होते, त्यांत मी त्याचा एकेक भाग निवडत होते. सगळं पैशांत बसलं, पण ते ज्यात बसवायचं त्या कॅबिनेटपुरते पैसे काही उरेनात. दुकानदार म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड हलकं घे, मग लायटिंगवालं कॅबिनेट बसेल." मी म्हटलं, "कार्ड हेच हवं. कॅबिनेट राहू दे." घरी येऊन पडवीतली एक रिकामी लाकडी पेटी पुसून घेतली आणि मदरबोर्डपासून पंख्यापर्यंत सगळं तिच्यात स्क्रूने बसवलं. आईने कपाळाला हात लावला. "अगो, ह्यात आंबे भरतात!" गेम सुरू झाला, पडद्यावर गाड्या सुसाट पळायला लागल्या, तरी बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. पिकत घातलेल्या आंब्यांच्या आढीत हात घालून ऊब बघतात, तसा त्यांनी पेटीच्या फटींमागे तळवा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग दगडी गडग्यापलीकडच्या शेजारच्या काकांना हाक मारली, "अहो, बघायला या! पोरीने कशी पेटी भरल्यान ती! हवा बघा कशी खेळत्ये!" आता माझ्याकडे काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आहे. ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा दिवे बघायच्या आधी माझा तळवा त्याच्या मागे गेला होता.