गुरूंच्या खुर्चीतला खळगा

मावशींचे गुडघे दुखायला लागले नसते, तर गुप्त गुरूंवरून त्या सभागृहात पुढे जी धुमाळी उडाली ती उडालीच नसती.

सभागृह म्हणजे तरी काय हो, छापखान्याच्या वरची एक लांबट खोली. भिंतीला पुस्तकांची कपाटं, मधे बाकांच्या रांगा, दारावर पाटी: थिऑसफी मंडळ. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, तिथे मावशी राहायच्या. झाडणं-पुसणं, कुलूपकिल्ली, रविवारच्या सभेचा चहा, सगळं त्यांच्याकडे, आणि त्या बदल्यात ती खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक लांब दिलेली. ती दर फोनला म्हणायची, "आई, ये ना इकडेच राहायला." पण जावयाच्या घरी दोन दिवस बरे असतात. तिसऱ्या दिवशी आपण नेमकं कुठं बसायचं तेच कळेनासं होतं. त्यापेक्षा आपली खोली बरी, असं मावशींचं मत.

मंडळाची श्रद्धा अशी, की जगाच्या पाठीवर काही थोर गुरू लपून वावरतात आणि लायक माणसांना आडून वाट दाखवतात. आणि मंडळाची रीत अशी, की त्यांच्यासाठी व्यासपीठावर एक वेताची हातांची खुर्ची कायम रिकामी ठेवायची, पांढऱ्या चादरीखाली. कोणी म्हणजे कोणी तिच्यावर बसायचं नाही.

आता हे गुरू होते तरी कोण, यावर सभासदांचं एकमत होईल तर शपथ! अध्यक्ष होते निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणत. सर म्हणायचे, "गुरू काही हवेतून आले नाहीत. ज्या बाईंनी हा पंथ काढला, त्यांना भेटलेली ती हाडामांसाची माणसं. खरी नावं फुटू नयेत म्हणून बाईंनी त्यांना दुसरी नावं दिली, एवढंच. त्यातले थोरले गुरू म्हणजे नक्की कुठल्या तरी डोंगरी मुलखातला राजा. साडेसहा फूट उंच!"

"राजा कसला, सर?" वकील लगेच उठायचे. "राजाला गुप्त राहता येतं होय? मागे पन्नास माणसं! तो व्यापारी असणार. गावोगाव हिंडतो, सगळ्यांना ओळखतो, आणि कुठून आलास म्हणून कोणी विचारत नाही."

"आणि व्यापारी फुकट ज्ञान देतो वाटतं?"

असं दर रविवारी. चहा निवायचा, मावशी तो पुन्हा गरम करायच्या. त्यांना गंमत वाटायची. सरांची बायको गेल्यापासून हे भांडण हाच त्या माणसाचा आठवड्याचा खुराक होता, हे त्यांनी ओळखलं होतं.

तर गुडघे. बाकांना ना पाठ, ना हात. बसलं की उठायला कशाचा आधार नाही. एका दुपारी मावशींनी झाडलोट संपवली, दाराला कडी घातली, चादर बाजूला केली आणि खुर्चीला म्हणाल्या, "गुरू एवढे थोर, तर म्हातारीच्या गुडघ्यांना नाही म्हणायचे नाहीत." आणि बसल्या. अहाहा! खुर्ची उंच होती, मावशी बुटक्या, पाय लोंबकळायचे. पण हातांवर भार देऊन उठता यायचं, आणि खिडकीतून वारा यायचा. मग काय, रोजची दुपार तिथेच. डुलकीसुद्धा.

पण वेत तो वेत. वर्षादोन वर्षांत खुर्चीला चांगला खळगा पडला. चादरीखाली कोणाला दिसतोय? दिसला तो मंडळाच्या वर्धापनदिनी, सरांनी स्वतः चादर बदलायला काढली तेव्हा.

"वकील!" सर ओरडले. "वकील, इकडे या! गुरू बसून जातात इथे!"

मावशींनी चहाची किटली होती तिथेच टेकवली. चोराच्या मनात चांदणं, तशी त्यांची गत. कळलं तर खोली गेली, आणि पुढे जन्मभर जावयाचं घर! पण त्यांच्याकडे बघायला वेळ कोणाला होता? वकील खळग्यात हात घालून वाद घालत होते. "रुंदी बघा, सर. दिवसभर गादीवर बसून धंदा करणाऱ्याचा खळगा आहे हा. व्यापारी!"

"खोली बघा खोली! भारदस्त माणूस. राजाच!"

मावशी आत गेल्या आणि पदर तोंडात कोंबून हसल्या. मग रडू आलं. मग पुन्हा हसल्या.

गुरूंना फाटक्या वेतावर बसवणार का, म्हणून वेत विणणाऱ्याला बोलावलं. त्याने दुपारी येऊन खुर्ची उलटी केली, सुलटी केली, हातांवरून बोट फिरवलं, आणि मावशींकडे बघून मिशीत हसला. "मावशी, तुमच्या गुरूंचा उजवा गुडघा अधू दिसतोय. उठताना सगळा भार डाव्या हातावर."

"बोलू नकोस रे बाबा कोणाला," मावशी म्हणाल्या. "चहा घे."

"मी कशाला बोलतोय? पण आता यावर बसू नका." दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या दुकानातली एक जुनी हातांची खुर्ची आणून त्यांच्या खोलीत ठेवली. भला माणूस. मावशी सुटल्या. खोलीही वाचली, गुडघेही.

पण सुटले नाहीत ते सर. दर रविवारी ते सगळ्यांच्या आधी यायचे, चादर उचलायचे आणि नव्या वेतावर तळवा दाबायचे. वेत ताठ. पुढच्या रविवारी तसाच ताठ. वकिलांनी दोनदा व्यापाऱ्याचा विषय काढून पाहिला, तर सर नुसतेच "असेल" म्हणाले. असेल! वकील बिचारे तोंडात मारल्यासारखे खाली बसले. भांडणच नाही म्हटल्यावर चहा गरमच संपायला लागला, आणि माणसं घरी लवकर जायला लागली.

शेवटी मावशींना राहवेना. झक मारली आणि बसले, असं सांगूनच टाकायचं ठरवलं. खोली गेली तर गेली. सभा संपल्यावर सर एकटेच बसले होते, त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सर, त्या खुर्चीचं..."

"मावशी, आपलं काही चुकलं का हो?" सर खुर्चीकडेच बघत होते. "राजा असो, नाहीतर व्यापारी. मी नसताना इथे कोणीतरी येऊन बसतं, एवढंच मला पुरायचं. रिकाम्या खुर्च्या काय, घरी आहेतच."

मावशींच्या ओठांवर आलेलं सगळं परत गिळलं गेलं. "येतील, सर," त्या म्हणाल्या. "लांबचं येणं असतं. उशीर होतो."

आणि दुसऱ्याच दुपारी कडी घालून त्या पुन्हा गुरूंच्या खुर्चीत चढल्या. नवा वेत, लवकर थोडाच वाकतोय? मग वकिलांनी भेट दिलेले जाडजूड ग्रंथ मांडीवर घेऊन बसायला लागल्या. वकिलांच्या विद्वत्तेचा भार प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडत होता! मांड्या ठणकायच्या. तरी बसायच्या.

कितीतरी रविवार गेले आणि एकदाचा सरांचा तळवा आत गेला. "वकील!" अशी आरोळी आली की खाली छापखान्यातला माणूस वर बघायला आला. राजा, व्यापारी, राजा, व्यापारी! मावशींनी चहा तीनदा गरम केला, आणि एकदाही कुरकुरल्या नाहीत.

पुढच्या रविवारी सर काखेत एक बुटकं लाकडी स्टूल घेऊन आले आणि त्यांनी ते खुर्चीसमोर ठेवलं.

"हे काय?" वकिलांनी विचारलं.

"गुरूंना पाय टेकायला. लोंबकळून दुखतात."

"साडेसहा फुटांच्या राजाचे पाय लोंबकळतात होय, सर?"

"तुम्ही गप्प बसा हो," सर म्हणाले, आणि कपबशी पुढे करून मावशींकडे चहा मागितला.

सोमवारी दुपारी मावशींनी दाराला कडी घातली, खुर्चीत बसल्या आणि पाय स्टुलावर ठेवले. उंची अगदी त्यांच्या पायांच्या मापाची होती. "अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या. बराच वेळ डोळे पुसत राहिल्या. वकिलांचे ग्रंथ त्या दिवशी कपाटातच राहिले.